अगवळ

माझ्या बोटांविषयी घरात कोणाचेच मत चांगले नाही. भिंतीत खिळा ठोकायचा असला की आमची मंडळी आधी हातोडी लपवून ठेवते आणि मग सुताराला निरोप धाडते. अशा माणसाने वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, बारामतीच्या आपल्या घराच्या ओट्यावर भर दिवसा बसून, क्रोशाच्या सुईने केसांत घालायचे गुबगुबीत कडे विणावे, हे शेजाऱ्यांना फराळाच्या ताटाइतकेच चवदार वाटले, तर त्यांना दोष कसा द्यावा?

झाले ते असे. दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. इंदापूरच्या जुन्या घरातली, आमच्या आत्याची. आत क्रोशाचे दोन रुमाल, मण्यांचे अर्धवट राहिलेले तोरण आणि फडक्यात गुंडाळलेल्या दोन सुया निघाल्या. एक पोलादी, बारीक, दोऱ्याच्या कामाची. दुसरी हाडाची, जाड, पिवळट पडलेली, लोकरीची. नातीने जाड सुई उचलली, टोकाच्या आकड्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "आजोबा, हिच्यावर स्क्रंची मस्त होईल!"

स्क्रंची म्हणजे काय, हे तिने आपल्या केसांतली काढून मला दाखवले. पाहतो तो काय, ही तर आमच्या लहानपणच्या अगवळाची नात! वेणी बांधायची दोरी ते अगवळ, आणि त्याच्या टोकांना लोकरीचे गोंडे. फरक एवढाच की अगवळाला गाठ मारावी लागे, आणि या नव्या अवताराच्या पोटात रबर आहे.

"मला शिकवतेस?" मी विचारले. ती आधी हसली, मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "शिकवते. पण पहिल्यांदा साधी लोकर घ्या. ही केसाळ लोकर दिसते मऊ, पण अवघड असते." मी अर्थातच केसाळ लोकर घेतली. म्हातारपणी मऊ ते सोपे, असाच माणसाचा समज होतो.

कृती ऐकायला सोपी आहे. केसांचा साधा रबर घ्यायचा. लोकरीची सरकगाठ करून ती सुईवर चढवायची. सुई रबराच्या कड्यातून घालून लोकर ओढून आणायची. सुईवर दोन फास झाले की लोकरीचा वेढा घेऊन तो दोन्हींतून बाहेर काढायचा. हा झाला मुका खांब. असे मुके खांब रबरभर घातले की रबर झाकला जातो. मग दुसरी फेरी: तीन साखळ्या घालून वर चढायचे आणि प्रत्येक मुक्या खांबाच्या डोक्यावर दोन-दोन, तीन-तीन उभे खांब घालायचे. खोली एक आणि बिऱ्हाडे तीन! वीण सपाट राहणार कशी? तिला चुण्या पडतात, ती लाटेसारखी वर-खाली होते. गुबगुबीतपणाचे सारे रहस्य एवढेच. १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दायना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी असेच टाके वाढवीत जाऊन भूमितीतला एक वक्र पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवला. कागदावर तो नीट काढता येत नाही म्हणे. मात्र वाड्यात दिवस काढलेल्या माणसाला ते गणित समजावून सांगावे लागू नये.

माझे गाडे पहिल्याच फेरीत अडले. केसाळ लोकरीत टाका दिसतच नाही. सगळा कापूस पिंजल्यासारखा. "डोळ्यांनी शोधू नका, बोटाने चाचपा," नात म्हणाली. तरीही जमेना, तेव्हा तिने सवलत दिली. दुसरी फेरी सोडायची आणि सगळे खांब रबरातच दाटीवाटीने घालायचे. सुई घालायला रबर तरी सापडतो! मी चाचपू लागलो, आणि त्या चाचपण्यातून आत्या आठवली.

लहानपणी लोकरीची लडी माझ्या दोन्ही हातांवर चढवून ती समोर गुंडा करीत बसे. मेंढ्यांना आमच्या मुलखात तोटा नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते, तेव्हा वाटेत काटेवाडीला मेंढ्याच तिच्याभोवती रिंगण धरतात. मी एकदा विचारले, "आत्या, ही लोकर आपल्या मेंढ्यांची का गं?" ती म्हणाली, "त्या लोकरीची घोंगडी व्हावी. तिचे गोंडे केले तर पोरी दिवसभर मान खाजवतील." तिची गोंड्यांची लोकर पुण्याहून येई. आळीतल्या एकूण एक मुलीच्या वेणीला आत्याच्या हातचे गोंडे असत. दिवाळीच्या आधी तर आमच्या ओसरीवर मुलींची रांग लागे.

आत्याच्या स्वतःच्या डोक्यावर आलवणाचा पदर असे. तेराव्या वर्षी ती माहेरी परत आली ती कायमची. दर पंधरा दिवसांनी मागच्या दाराने न्हावी येई. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून, विधवांच्या केसांना वस्तरा लावणार नाही, असे ठरवले होते. इंदापुरात आमच्या मागच्या दारापर्यंत ती बातमी पोचायला पुष्कळ वर्षे लागली.

मी सहा-सात वर्षांचा असेन. तिला विचारले, "सगळ्यांना करतेस, मग तुला एक का नाही?" ती म्हणाली, "बांधायला काही नको का रे, वेड्या?" आणि हसली. घरातली सगळी हसली. मीही हसलो.

पुढे १९६८ साली, साठी उलटल्यावर, तिने एक दिवस सांगितले, "वस्तरा आता पुरे." म्हातारा न्हावी म्हणाला, "आक्का, मी कवाची वाट बघत हुतो." घरात कोणी विरोध केला नाही, कोणी शब्दही काढला नाही. मी पुण्याहून सुटीत गेलो तेव्हा तिचे पांढरे केस मानेपर्यंत आले होते, आणि लुगड्याच्या काठाच्या चिंधीने ते तिने बांधले होते. शेजारी लोकरीची टोपली होती. 'आत्या, आता एक अगवळ स्वतःसाठी कर की,' हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. मी बोललो नाही. तिला अवघड वाटेल, असे मनाशी म्हणालो. अवघड मला वाटत होते. १९७४ साली ती गेली, चिंधीसकट.

साध्या लोकरीत टाका चुकला की लगेच दिसतो. बरे, क्रोशात सुईवर एकच फास जिवंत असतो. तो सोडून लोकर ओढली की सारी वीण भराभर उसवते आणि पुन्हा आरंभ करता येतो. केसाळ लोकरीचे उलट आहे. चूक दिसत नाही, आणि उसवायला गेले तर तंतूत तंतू गुंततात. ती सुटत नाही. नातीने मला आधीच बजावले होते ते हेच. आमच्या घरात आत्यावर सर्वांची माया होती. त्या मायेच्या मऊपणात एक टाका चुकला होता. तो आम्हांला दिसला नाही, आणि दिसला तेव्हा हात पुढे झाला नाही.

दोन रबर वाया गेल्यावर तिसऱ्यावर माझी स्क्रंची झाली. एका अंगाला गोंड्यासारखी, दुसऱ्या अंगाला विरळ. नरकचतुर्दशीच्या पहाटे नातीने अभ्यंगस्नान उरकून ती ओल्या केसांत घातली आणि साऱ्या आळीभर मिरवली. वर "आजोबांनी केली" हे सांगायला विसरली नाही. शेजाऱ्यांचा फराळ गोड झाला असावा.

संध्याकाळी मी साधी, गुळगुळीत पांढरी लोकर काढून बसलो. "आता ही कोणाला?" नातीने विचारले. मी म्हणालो, "सरावाला."

आमची मंडळी पणत्यांत तेल घालीत होती. १९७३ साली ती नवी सून म्हणून आली; आत्याचा तिला वर्षभराचाच सहवास. मान वर न करता ती म्हणाली, "पांढरी नको, निळी घ्या. आत्यांना निळा रंग फार आवडायचा."

मला हे ठाऊक नव्हते. लडी धरून मी तिच्यासमोर बसलो तो इतकी वर्षे, आणि तिचा आवडता रंग विचारायचे मला सुचले नव्हते.

निळी लोकर आणली आहे. दोन वेळा उसवून झाली. आज तिसऱ्यांदा सरकगाठ घातली आहे.