एक गाडी, दोन कामे

जुनी मोटार विकत घेणे ही आपल्या मध्यमवर्गीय घरांत आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. किंमत किती, मायलेज किती, डिकीत सामान किती मावेल आणि पुढे विकताना काय हाती येईल, या चार प्रश्नांत बहुधा निर्णय होतो. सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे हळदीचा व्यापार केलेल्या एका गृहस्थांच्या घरी २०२२ साली मात्र हा निर्णय दोन महिने लांबला, कारण तेथे पाचवा प्रश्न उभा राहिला होता. त्यांच्या मुलाला गाडी हवी होती ती आठवड्यातील सहा दिवस चिंचवडच्या घरून चाकणच्या कारखान्यात जाण्यायेण्यासाठी. आणि तीच गाडी वर्षातून दोन-तीन दिवस शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्यासाठी.

ज्याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात ती शर्यत नसते. ठरावीक शुल्क भरून, हेल्मेट घालून, आपापली गाडी बंदिस्त मार्गावर पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांनी चालवायची. समोरून वाहन येत नाही, गुरे आडवी येत नाहीत, दुचाकीवरून उलट्या दिशेने कोणी उगवत नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे असा सुमारे ३.७ किलोमीटरचा मार्ग १९९० पासून आहे. कोइंबतूरजवळचा करी मोटर स्पीडवे हा २.१ किलोमीटरचा, मोटारशर्यतींसाठी आयुष्य वेचलेल्या एस. करिवर्धन यांचे नाव त्याला दिलेले आहे.

हा छंद त्याला उगाच लागला नव्हता. महाविद्यालयातील एक मित्र पुणे-सातारा रस्त्यावर मध्यरात्री भरधाव गाडी चालवताना गेला. त्या रात्री हाही त्याच गाडीत असायचा. ताप आला म्हणून खोलीवर राहिला. त्यानंतर वर्षभर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. वेगाची ओढ मात्र गेली नाही, आणि ती गेली असे खोटे सांगणेही त्याला जमले नाही. लग्न ठरताना त्याने हे सर्व पत्नीला सांगितले. तिने एकच अट घातली. “वेग हवा असेल तर तो भिंतीच्या आत. रस्त्यावर ऐंशीच्या पुढे काटा गेला, तर मी गाडीत बसणार नाही आणि आपल्या मुलांनाही बसवणार नाही.” ती अट त्याने पाळली. आता घरात आठ महिन्यांची मुलगी होती, आणि तिला लस टोचायला न्यायचे तेही याच गाडीतून.

दोन्ही कामे एकाच गाडीने करावीत ही कल्पना जुनीच. १९७६ साली फोक्सवॅगनने साध्या गोल्फ गाडीत ११० अश्वशक्तीचे १.६ लिटरचे इंजिन बसवून ‘जीटीआय’ बाजारात आणली. अवघ्या पाच हजार गाड्या काढण्याचा विचार होता. पहिल्या पिढीतच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. मागे दार असलेली आटोपशीर गाडी, हलके वजन, जोरकस इंजिन: हीच ती ‘हॉट हॅच’. सकाळी कचेरी, दुपारी बाजारहाट आणि सुटीच्या दिवशी घाटातील वळणे, असा तिचा संसार. आपल्याकडे हा वर्ग कधी फारसा फोफावला नाही. मायलेज विचारणाऱ्या बाजारात तो फोफावणार तरी कसा? ज्या थोड्या गाड्या आल्या, त्या बहुतेक लवकर बंदही झाल्या; त्यामुळे जुन्या बाजारातच हिंडणे भाग होते.

त्याच्या मनात पहिली होती ती अबार्थ पुंटो. फियाटने ती २०१५ मध्ये आणली. १.४ लिटरचे टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. आणि बांधणी आपल्या रांजणगावची. पण कंपनीने पुढे भारतात फियाट गाड्यांची विक्रीच थांबवली. रोज ज्या गाडीने कामावर जायचे, ती एखाद्या सुट्या भागासाठी तीन आठवडे गॅरेजात पडून राहिली तर? दुसरी होती पोलो जीटी टीएसआय, १०५ अश्वशक्तीची आणि दोन क्लचांच्या सात गिअरांची. मोकळ्या रस्त्यावर ती गिअरपेटी फार सुरेख चालते. परंतु तिचे क्लच कोरडे, तेलात न बुडालेले. चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास इंच-इंच सरकताना ते तापतात, आणि दुरुस्तीचा आकडा मोठा असतो. तिसरी २०२० नंतरची पोलो, एक लिटर टर्बोची, सहा गिअर हाताने टाकायची, ११० अश्वशक्तीची. ही दोन्ही कामांना उत्तम. चाकणला ज्या कारखान्यात पोलो तयार होत असे, त्याच्यावरून त्याचा रोजचा रस्ता जाई, आणि त्याच वर्षी तिचे उत्पादन थांबले होते, त्यामुळे जीव तिच्यात गुंतला. चौथी बलेनो आरएस. मारुतीने मार्च २०१७ मध्ये आणली आणि तीन वर्षांत बंद केली. एक लिटर टर्बो, १०२ अश्वशक्ती, पाच गिअर, वजन जेमतेम ९५० किलो, चारही चाकांना डिस्क. दिसायला नेहमीच्या बलेनोसारखीच. सिग्नलला कोणी वळून पाहणार नाही.

त्याच्याजवळ सात लाख रुपये साठले होते. चांगल्या पोलोला साडेआठ लाख मागत होते. दीड लाख हाताशी ठेवून तीन लाखांचे कर्ज काढायचे, असा हिशेब घेऊन तो सांगलीला आला. अकरा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी महिन्याला साडेसहा हजारांचा हप्ता. पगाराच्या मानाने काहीच नाही.

अण्णांनी चष्मा लावून कागद पाहिला. हप्त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी विम्याचा कागद मागितला.

“ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली, तर विमा कंपनी पैसे देते?”

“नाही, अण्णा. पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅक डे शर्यत नाही असा वाद घालता येईल, पण त्या भरवशावर राहता येणार नाही.”

“म्हणजे त्या दिवशी मालाला विमा नाही. आणि माल तर उसना आणलेला.”

हा मुद्दा गाड्यांच्या चर्चेत क्वचितच कोणी मांडतो. कर्जावर घेतलेल्या वस्तूचा विमा हा जितका घेणाऱ्याचा आधार, तितकाच देणाऱ्याचा. रस्त्यावर अपघात होऊन गाडी निकामी झाली, तर विम्याची रक्कम प्रथम बोजा फेडते आणि उरलेली मालकाला मिळते. ट्रॅकवर तेच घडले, तर गाडी जाते आणि हप्ता राहतो. तीन लाखांचे पाच वर्षांत सुमारे ३ लाख ९१ हजार भरायचे, आणि कामावर जायला पुन्हा वाहन शोधायचे ते वेगळेच. गाडीची किंमत आणि गाडी परवडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही.

“घेऊ नको म्हणत नाही मी,” अण्णा म्हणाले. “जी गाडी एका दिवसात गेली तरी सुनेपुढे मान खाली घालावी लागणार नाही, ती घे.”

तो नाराज होऊन पुण्याला परतला. पाच-सहा दिवस त्याने विषयच काढला नाही. मग एका रात्री त्याने कागदावर नव्याने आकडे मांडले: गाडीला साडेपाच लाखांच्या आत; दीड लाख वेगळे, त्यात टायर, ब्रेक, प्रवास आणि ट्रॅकचे शुल्क; कर्ज शून्य. साडेपाचाच्या रेघेखाली पोलो बसत नव्हती. अबार्थ आणि बलेनो आरएस बसत होत्या.

अबार्थ पाहायला अण्णा स्वतः पुण्याला आले. गाडी देखणी होती. मुलाचे डोळे तिच्यावरून हलेनात. अण्णांनी बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होते. “आमच्या येण्याआधी कुठे जाऊन आलात?” विक्रेत्याने काहीतरी सांगितले. “मग उद्या सकाळी सातला येतो, तोवर चालू करू नका,” असे म्हणून ते निघाले. दुसऱ्या दिवशी थंड इंजिन चालू होताच मागून निळसर धूर आला आणि बराच वेळ येत राहिला. निळा धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. शिवाय इंजिनचा संगणक बदलून शक्ती वाढवल्याचे विक्रेत्याने विचारल्यावर कबूल केले, पण कोणी बदलला, कधी बदलला, याचा कागद नव्हता. हळकुंड वरून पिवळेधमक दिसले तरी मोडून आत पाहिल्याशिवाय अण्णांनी कधी भाव बोललेला नव्हता.

बलेनो आरएस मिळाली ती एका निवृत्त प्राध्यापकांकडे. २०१७ ची, एकाच हातची, ३१ हजार किलोमीटर चाललेली. काटा खरा की फिरवलेला, याची साक्ष टायरांनी दिली. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. चारही टायर २०१७ चेच होते आणि झीज तेवढ्या अंतराला शोभेल अशी. ओळखीच्या फिटरने गाडी उचलून खालून पाहिली. बॉनेट आणि पुढच्या पंख्यांच्या बोल्टांवरचा रंग अभंग होता, म्हणजे ते कधी उघडलेले नव्हते. चॅसिस क्रमांक आरसी बुकाशी जुळला. बोजा पूर्वी होता. तो उतरल्याची नोंद आरटीओकडे झालेली होती, नुसता बँकेचा दाखला फायलीत पडून नव्हता. (फॉर्म ३५ घरी ठेवून वर्षानुवर्षे विसरणारे लोक पुष्कळ असतात. भोगावे लागते ते पुढच्या खरेदीदाराला.) टायर पाच वर्षांचे झाले होते, त्यावरून वीस हजार कमी करून घेतले. सौदा ५ लाख २० हजारांना झाला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करून घ्यायचा असतो, आणि जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ त्याच्याबरोबर जातो. म्हणून थोडा फरक भरावा लागला.

गाडी आल्यावर त्याने शक्ती वाढवण्यासाठी एक रुपयाही खर्च केला नाही. पुढचे ब्रेक पॅड बदलले, चार टायर नवे घेतले आणि ब्रेक ऑइल काढून नवे डॉट ४ भरले. हे ऑइल हवेतील ओलावा शोषत राहते. ताजे असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. पुरेसे पाणी शोषले की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. चाकणच्या गर्दीत हा फरक कधी जाणवत नाही. ट्रॅकवर मात्र तिसऱ्या-चौथ्या फेरीत, शंभरावरून एकदम गती कमी करताना ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा ब्रेक जमिनीला टेकतो. अशा गाडीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू हीच.

जानेवारी २०२३ मध्ये तो कोइंबतूरला गेला. पुण्याहून सुमारे बाराशे किलोमीटर, पहिला मुक्काम सांगलीला. पत्नी आणि मुलगी सांगलीतच थांबल्या. ट्रॅकवर त्याच्याहून वेगवान गाड्या पुष्कळ होत्या, आणि सरळ पट्ट्यावर त्या त्याला सहज मागे टाकत. पण २.१ किलोमीटरच्या त्या वळणावळणाच्या मार्गावर हलकी गाडी फार मागे राहत नाही. पहिल्या पाळीत त्याने प्रत्येक वळण घाईने घेतले आणि पुढचे टायर ओरडत राहिले. जिची पुढचीच चाके ओढतात, वळतात आणि गती रोखण्याचा मोठा भारही सोसतात, त्या गाडीत हावरेपणाचा दंड पुढच्या टायरांना बसतो. तिसऱ्या पाळीपासून तो वळणाआधीच गती कमी करून गाडीला आपणहून वळू देऊ लागला. प्रत्येक पाळीची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, टर्बो आणि डिस्क निवाव्यात म्हणून. नंतर गाडी लावताना हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटू नयेत म्हणून गिअरमध्ये ठेवायची.

दुपारच्या पाळीत एका वळणावर मागची चाके सुटली आणि गाडी अर्धा फेरा घेऊन मातीत गेली. भिंत दूर होती. माती झटकून तो परत आला, पण पुढची पाळी त्याने सोडून दिली आणि झाडाखाली बसून राहिला. त्या रात्री पत्नीला फोनवर त्याने हे आधी सांगितले, मग वेळेचे आकडे.

“कुणाला लागलं का?” तिने विचारले.

“नाही.”

“मग जेवून झोप. परवा निघायचंय.”

सांगलीला परतल्यावर अण्णांनी पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडांवरून बोट फिरवले. एका दिवसात हजारो किलोमीटरांची झीज दिसत होती. वहीत त्यांनी दीड लाखांतून गेलेली रक्कम मांडली: टायर, पॅड, ऑइल, पेट्रोल, शुल्क, मुक्काम. शिल्लक ७१ हजार. मुलाने मेमध्ये पुन्हा जाण्याचे बोलून दाखवले. अण्णांनी वही मिटली नाही. पुढच्या दोन टायरांचा अंदाजे खर्च आधीच वजा करून खाली नवी बाकी लिहिली आणि वही त्याच्याकडे सरकवली. आकडा पाहून त्याने मेचा बेत डिसेंबरवर ढकलला. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला मागे आईच्या शेजारी बसवून तिघे पुण्याला निघाले. सोमवारी पहिली पाळी होती.