हँडल बदलले आणि डोळे उघडले

माझी शाळा घरापासून 22 किलोमीटर. रोजचा प्रवास मोटारसायकलवर. गाडीचे हँडल सपाट आणि पुढे, त्यामुळे वाकून बसावे लागे. सगळा भार मनगटांवर यायचा. शाळेत पोहोचेपर्यंत करंगळी आणि अनामिका बधिर! एके दिवशी फळ्यावर लिहिताना खडूच हातातून गळून पडला. मुले हसली, मी मात्र घाबरलो. पुढचा ब्रेक याच हाताने दाबतो ना मी!

मग मेकॅनिककडून उंच, मागे वळलेले हँडल बसवून घेतले. क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलही लांब घेतल्या. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणत नाहीत ना, हे तुम्हीही जरूर पाहा. आता पाठ सरळ, कोपर किंचित वाकलेले, बोटे मोकळी.

त्यानंतर वर्गात लक्ष गेले. ज्याला मी रोज "सरळ बस रे" म्हणून रागवायचो, त्याचे पाय जमिनीला टेकतच नव्हते. चूक त्याची नव्हती, बाक उंच होता. त्याला कमी उंचीचा बाक दिला, तर न सांगता सरळ बसला. घरी आपले लेकरू कसे बसून लिहिते, एकदा बघाच.