अबोल दुखणे

कुत्र्याला बरे नसले की ते घरभर जाहीर होते. तो कण्हतो, पायाशी येऊन बसतो, डोळ्यांनी काहीतरी मागतो. मांजराची रीत निराळी. ते पलंगाखाली, कपाटामागे, धान्याच्या डब्यांच्या आड जाऊन गप्प बसते. घरच्यांना वाटते, वय झाले, एकांत आवडू लागला असेल. मांजर दहा-अकरा वर्षांचे असले म्हणजे असे वाटणे स्वाभाविकच. पण पुष्कळदा घात होतो तो याच समजाने.

या लपण्यामागे कारण आहे. मांजर शिकारी खरे. परंतु अंगाने लहान असल्यामुळे मोठ्या जनावरांचे भक्ष्यही तेच. दुबळेपणा उघडा पडला की जीव धोक्यात, म्हणून वेदना झाकण्याची सवय त्याच्या हाडीमाशी खिळली. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला आहे. इतक्या जुन्या सहवासानंतरही ती सवय सुटलेली नाही. घुरघुरणारे मांजर सुखात असते, हेही पूर्ण खरे नाही. दुखत असतानाही ते घुरघुरते.

तरी चेहरा थोडेफार सांगून जातो. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. कान बाजूला झुकतात, डोळे किलकिले होतात, तोंडाभोवतीचा भाग ताणला जातो, मिशा ताठ होतात, डोके खांद्यांच्या खाली जाते. रोज सकाळी मांजराला वाटी लावणाऱ्या गृहिणीला हे कोणत्याही मोजपट्टीवाचून कळत असते. फक्त आपल्याला कळले आहे, यावर तिचा विश्वास बसत नाही.

म्हाताऱ्या मांजराचे ‘अचानक’ आलेले दुखणे बहुधा फार आधी सुरू झालेले असते. पाणी जास्त प्यायले जाते, कारण मूत्रपिंडे थकलेली असतात किंवा मधुमेह असतो. भूक वाढूनही अंग झडते, त्यामागे थायरॉइडचा विकार असू शकतो. रक्तदाब वाढतो, पण तो कोणाला दिसत नाही. आणि एके सकाळी मांजर दाराच्या चौकटीला धडकते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, दृष्टी गेलेली. घरच्यांच्या लेखी ते एका रात्रीत घडलेले असते.

याहून भयंकर प्रसंग हृदयविकाराचा. हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी वाहत जाऊन महारोहिणी जिथे मागच्या पायांकडे दुभंगते तिथे अडकते. मांजर एकाएकी किंचाळते, मागचे पाय ओढत सरपटते. ते पाय हाताला थंड लागतात. पाहणाऱ्यांना वाटते, कोणीतरी काठी मारली, किंवा ते गच्चीवरून पडले. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांवर संशय घेण्यात वेळ जातो, आणि तो वेळ मांजराजवळ नसतो.

बोक्याच्या लघवीचेही तसेच. तो पुन्हा पुन्हा वाळूच्या घमेल्यात जाऊन कुंथतो, आणि घरात ‘पोट साफ होत नसेल’ असे ठरते. वस्तुतः मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो. तसे झाल्यास शरीरातील विषारी द्रव्ये आणि पोटॅशियम रक्तात साचते, हृदयाची गती बिघडते आणि एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. तोंड उघडून धापा टाकणारे मांजर दिसले, तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये. स्वस्थ झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला साधारण तिसाच्या आतच असतात. घड्याळ समोर ठेवून ते कोणालाही मोजता येतात.

अशा वेळी माया आंधळी होते. ताप असेल म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी दिली जाते. माणसाचे यकृत ती पचवते. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी क्षमता जवळजवळ नसते. एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. ताकदीसाठी तोंडात बळेच दूध ओतणेही वाईट, कारण ते श्वासनलिकेत उतरते. दोन-तीन दिवस अन्न न घेतलेले मांजर, विशेषतः लठ्ठ असले तर, यकृतात चरबी साचून आणखी खालावते. म्हणून ‘भूक लागली की खाईल’ हा धीरही कामाचा नाही. अंगाभोवती मऊ टॉवेल गुंडाळून पशुवैद्याकडे नेणे, एवढेच हाती उरते. शेवटचे कधी खाल्ले, लघवी केव्हा झाली, घरातले कोणते औषध पोटात गेले, हे तिथे नेमके सांगता आले तर निम्मी तपासणी तिथेच होते. गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गायीम्हशींचाच, असे मानून परत फिरू नये. तिथला डॉक्टर मांजराचेही शास्त्र शिकलेला असतो.

नेण्याची टोपली मात्र आयत्या वेळी माळ्यावरून काढू नये. तिच्या नुसत्या दर्शनाने मांजर पुन्हा कपाटामागे जाते. जाणती माणसे ती वर्षभर खोलीच्या कोपऱ्यात, झाकण उघडे टाकून, आत जुन्या लुगड्याची घडी घालून ठेवतात. दुपारचे ऊन तिथे येत असेल तर म्हातारे मांजर आपणहून तिच्यात जाऊन झोपते.