बुडालेल्या अंगणातली जास्वंद

दोस्तांनो, उसाची लागण तुम्ही पाहिली असेलच. उजनीच्या काठावर राहणाऱ्यांना तर तिचं नवल नाही! दोन-तीन डोळ्यांची टिपरी सरीत दाबली, पाणी सोडलं, की झालं. टिपरी हातात घेऊन नीट पाहा. डोळ्याजवळ बारीक ठिपक्यांच्या ओळी दिसतील. तिथूनच मुळं फुटतात. ऊस आधीच तयारी करून बसलेला असतो! जास्वंदीच्या फांदीवर असे ठिपके नसतात. तिला मुळं नव्याने घडवावी लागतात आणि तेवढ्यात ती सुकूनही जाते.

आमच्या अंगणातली लाल, डबल जास्वंद अशाच एका फांदीतून आली. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. भीमेचं पाणी चढू लागलं तेव्हा आजीने घराच्या चौकटी, जातं आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या जास्वंदीच्या चार फांद्या बैलगाडीत घातल्या. त्यातली एकच जगली. जुनं अंगण यशवंतसागराच्या तळाशी गेलं. तिथलं जिवंत असं हे एकच झुडूप उरलं, आणि तेही आता म्हातारं झालंय. या जास्वंदीला सहसा बी धरत नाही. फांदीपासून केलेलं रोप मात्र हुबेहूब तेच झाड असतं, बरं का! म्हणून पावसाळ्यात मी मुळं फुटण्याची पावडर आणली.

ही पावडर काय करते? झाडाच्या कोवळ्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार होतं आणि खाली उतरतं. फांदी कापली की ते खालच्या टोकाशी साठतं आणि तिथे मुळं फुटायला मदत करतं. फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ओटच्या कोंबांवर प्रयोग करून ते गोळा करून दाखवलं. पावडरीत असतं ते त्याच्याच भावकीतलं इंडॉल ब्युटिरिक ॲसिड.

आता कृती. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्या. खाली डोळ्याच्या लगेच खालून तिरका काप, वर सरळ काप. म्हणजे उलटसुलट होणार नाही. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. थोडी पावडर कागदावर घ्या. ओली फांदी डबीत बुडवली तर सगळी पावडर खराब होते. खालचं टोक त्यात टेकवा, जास्तीची झटकून टाका. जास्त लावली म्हणून जास्त मुळं येत नाहीत. उलट टोक काळं पडतं! मग वाळू-मातीत काडीने भोक पाडून फांदी लावा आणि कुंडी सावलीत ठेवा. ब्लेड आणि पावडर मोठ्यांच्या देखतच हाताळा, नंतर हात धुवा.

पाच फांद्या पावडर लावून आणि पाच न लावता लावून पाहा. दीड-दोन महिन्यांनी मुळं मोजा.

एकच झाड एकाच अंगणात असणं धोक्याचं. आमची जास्वंद आता तीन घरी आहे. तुमच्याकडे असं जपण्याजोगं झाड कोणतं? आजी-आजोबांना आजच विचारा!