पाच माणसांची अडीच तिकिटे

आपल्या माणसांच्या आयुष्यात प्रवास काही कमी नसतो. आपण लग्नाला जातो, मयताला जातो, गावच्या जमिनीच्या कामासाठी तहसील कचेरीत खेटे घालतो. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जातो, जमले तर दसऱ्याला दीक्षाभूमीला जातो. पण काहीही काम नसताना, नुसते दोन दिवस समुद्राकडे पाहत बसायला जायचे म्हटले की घरातलेच कुणीतरी विचारते, "पैसे जास्त झालेत का?"

आमच्याही घरात हा प्रश्न निघाला. आम्ही खांदा कॉलनीत राहतो आणि एका खासगी कंपनीत कारकून आहोत. संध्याकाळी वस्तीतल्या मुलांचा अभ्यासवर्ग आणि रविवारी संस्थेच्या बैठका असतात. घरात आम्ही दोघे, अडुसष्ट वर्षांची आई, अकरा वर्षांचा थोरला आणि पावणेदोन वर्षांची धाकटी. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याचे नातेवाईक भूमध्य समुद्राकाठच्या कुठल्याशा गावी लहान मुलाला घेऊन सुट्टीला गेले होते. त्यांचे निळ्या पाण्याचे फोटो आम्ही मोबाईलवर घरी दाखवले. थोरल्याने विचारले, "आपल्याकडे समुद्र नाही का?" आता याला काय सांगणार? पनवेलच्या स्थानकातून अलिबागची एस.टी. सुटते. अंतर जेमतेम सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. समुद्र आपल्या जिल्ह्यातच आहे, आपण गेलो नव्हतो एवढेच.

मग हिशेब मांडला. वाणिज्य शाखेची पदवी अशा वेळी कामी येते. दरमहा ६५० रुपये वेगळ्या पाकिटात टाकायचे ठरले. बारा महिन्यांत ७,८०० रुपये जमले. खाजगी गाडीचा विचारही केला नाही, कारण एस.टी. आता साधारण कुटुंबाला खरोखर परवडते. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे, आणि पाच वर्षांखालचे मूल फुकट. म्हणजे आमचे एक पूर्ण, सहचारिणीचे अर्धे, आईचे अर्धे, थोरल्याचे अर्धे. पाच माणसांची अडीच तिकिटे! ज्यांच्या घरात पंचाहत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा आहेत त्यांना तर २०२२ पासून एस.टी. मोफत आहे. ही सवलत कागदावर पडून राहू नये, ती वापरावी.

राहण्यासाठी अलिबाग शहराऐवजी पुढचे नागाव निवडले. तेथे नारळी-पोफळीच्या वाड्यांतून घरगुती राहण्या-जेवण्याची सोय होते आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोली स्वस्त मिळते. शनिवार-रविवारी तीच खोली जवळजवळ दुप्पट. एका ठिकाणी फोन केला तेव्हा त्यांनी आधी गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि मग खोल्या भरल्याचे सांगितले. कारण त्यांचे त्यांना ठाऊक. आम्ही दुसरा फोन लावला. तेथल्या बाईंनी विचारले, "बाळ केवढं आहे? त्याला मऊ भात लागेल का?" आम्ही तेथेच खोली पक्की केली. सहचारिणी म्हणाली, "माणसाला विचारायचा प्रश्न हा असतो."

समुद्रावर तान्ह्या मुलाला नेताना पंचांग आमच्या कामी आले, मुहूर्तासाठी नव्हे, भरती-ओहोटीसाठी. आमच्या ओळखीच्या एका कोळी बांधवांनी सांगितलेला हिशेब वाचकांनी लिहून ठेवावा. पक्षातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती असते. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्राच्या ओढीने हे पाणी चढते-उतरते, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. आम्ही भाऊबीज होऊन दहा दिवसांनी, द्वादशीला निघालो. बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरती, दुपारी सव्वातीनला ओहोटी. हा अंदाज झाला. किल्ल्यात जायचे असेल तर स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये. आणि पावसाळ्यात तर लहान मुलाला घेऊन या समुद्राच्या वाटेला जाऊच नये.

गाडी पळस्पे, पेण, वडखळ करत निघाली. वडखळला गोव्याचा रस्ता सोडून अलिबागच्या रस्त्याला लागलो, धरमतरच्या खाडीवरचा पूल ओलांडला. पोयनाड आले तसे थोरल्याला सांगितले की याच परिसरात चरी गाव आहे. १९३३ ते १९३९ या काळात खोतांच्या जाचाविरुद्ध येथल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने संप केला. १९३४ मध्ये बाबासाहेब स्वतः चरीला आले होते, आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. थोरला म्हणाला, "संप म्हणजे सहा वर्षं सुट्टी?" आम्ही म्हणालो, "नाही रे. ती सहा वर्षं उपाशी पोटाची होती. पण आज आपण जी सुट्टी घेतली आहे ना, तीसुद्धा अशीच भांडून मिळालेली आहे."

हे त्याला समजावून सांगितले ते येथेही सांगतो. पगार न कापता सुट्टी ही मालकाच्या दयेतून आलेली नाही. युरोपातही समुद्रकिनारे आधी राजेरजवाड्यांचे आणि श्रीमंतांचेच होते. फ्रान्समध्ये १९३६ साली मोठे संप झाले, तेव्हा कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला. त्याच उन्हाळ्यात रेल्वेने सवलतीची तिकिटे काढली आणि अनेक कामगार कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. फोटोतले ते भूमध्य समुद्राचे किनारे सामान्य माणसाला असे खुले झाले. आपल्या देशात बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कारखान्यातल्या कामगारांना पगारी सुट्टी देणारी दुरुस्ती १९४५ मध्ये झाली आणि १९४६ मध्ये कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पुढे संविधानाच्या कलम ४३ मध्ये कामगाराला जगण्यापुरते वेतन मिळावे, त्याबरोबरच त्याला फुरसतीचा आणि सामाजिक-सांस्कृतिक संधींचा पुरेपूर उपभोग घेता यावा, असे लिहिले गेले. फुरसत हा शब्द संविधानात आहे. आपण तो वाचून पुढे जातो.

नागावला पोचून जेवून, ऊन उतरल्यावर पाचच्या सुमारास किनाऱ्यावर गेलो. मोठ्या माणसाला समुद्र म्हणजे देखावा. पावणेदोन वर्षांच्या मुलाला तो केवढा तरी आवाज असतो. धाकटी पहिल्या लाटेला घाबरून आईच्या पदरात शिरली. आम्ही ओढून नेले नाही. ओल्या वाळूवर पाण्यापासून वीस पावलांवर बसवले. अर्ध्या तासाने ती आपणहून सरकत निघाली. पाणी पावलांना लागले तेव्हा ओरडली, आणि पाणी मागे गेले तसे त्याला हाताने "ये ये" करू लागली. समुद्र परत आला. आपण बोलावले म्हणून आला, असे तिला वाटले असावे. त्यानंतर तिला तेथून उठवणे कठीण झाले.

आमची आई मात्र उभीच होती. आईने समुद्र पाहिला नव्हता असे नाही. दरवर्षी सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभे राहून तिने तो पाहिला होता. पण रांगेतून. वाळूही तिच्या ओळखीची, पण घमेल्यातली. नवीन पनवेलच्या बाजूला इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा आईने बांधकामावर रेती वाहिली आहे. सहचारिणीने चादर अंथरली आणि म्हणाली, "आई, बसा की." आई बसली. थोड्या वेळाने तिने चपला काढून पाय वाळूत घातले आणि म्हणाली, "गार लागतं गं."

दुसऱ्या दिवशी त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे ओहोटी दुपारी चारच्या सुमारास. तीन वाजता अलिबागच्या किनाऱ्यावर आलो. समोर कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांच्या काळात १६८० मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे झाले. ओहोटीला तेथे चालत जाता येते. चारी बाजूंनी खारे पाणी, आणि आत गोड्या पाण्याचा साठा, याचे थोरल्याला फार नवल वाटले. परतीची वेळ तेथल्या घोडागाडीवाल्याला विचारून घेतली होती. एकदा भरती लागली की वाट बुडते.

किल्ल्यात आम्ही आणि दोन्ही मुले गेलो. धाकटी आमच्या खांद्यावर होती. सहचारिणीने सकाळीच सांगितले होते, "दोन तास मुलं तुमच्याकडे. आम्ही दोघी काही करणार नाही." आम्ही परत आलो तेव्हा सासू-सुना चादरीवर बसून शेंगा खात होत्या. काय बोललात विचारले तर म्हणाल्या, "काही नाही." घरी सासू-सुना बोलतात ते दूध आणि गॅस, मुलाचा डबा, पाण्याची वेळ. काहीही न बोलता शेजारी बसायला त्यांना लग्नानंतर तेरा वर्षांनी दोन तास मिळाले.

रात्री जेवायला बसलो तेव्हा आई सवयीने स्वयंपाकघराकडे निघाली, "भाकऱ्या करू लागते." घरच्या बाईंनी तिला हात धरून पाटावर बसवले. गरम भाकरी, बांगड्याचे कालवण, सोलकढी, आणि धाकटीसाठी तूप-मीठ घातलेला मऊ भात. आई एवढेच म्हणाली, "बसल्या जागी पान वाढून आलं." आम्हाला तो घास पटकन उतरला नाही. निघताना आईने त्या बाईंना खांदा कॉलनीचा पत्ता लिहून दिला. आमची विश्रांती त्यांच्या कष्टावर झाली होती, याची जाणीव आमच्यापेक्षा आईला अधिक होती.

आता कुणी विचारेल म्हणून खर्च सांगतो. दोन रात्रींच्या खोलीचे २,४००, जेवण-चहा-नाश्त्याचे ३,१५०, एस.टी. आणि रिक्षाचे १,३४०, शहाळी, शेंगा, खाऊ आणि किरकोळ ७६०. एकूण ७,६५० रुपये. पाकिटात १५० शिल्लक राहिले. धाकटीसाठी नेलेल्या वस्तूंत उपयोगी पडल्या त्या या: उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या, मीठ-साखर पाण्याची पुडी, सुती कपडे नेहमीच्या दुप्पट, कानटोपी, झोळीसाठी जुने लुगडे आणि डॉक्टरांनी लिहून दिलेले तापाचे औषध. सकाळी दहा ते चार तिला उन्हात नेले नाही. पाण्यात घोट्यापलीकडे नेले नाही, आणि एक हात सतत तिच्या दंडावर होता. खेळणी विकत घेतली नाहीत. वाडीत पडलेली करवंटी आणि एक डाव एवढ्यावर ती दोन दिवस खेळली.

बंधू-भगिनींनो, मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषध, संस्थेची वर्गणी यांतून कापून सहलीला जा, असे आमचे म्हणणे नाही. पण लग्नाच्या मांडवाला, बँडला आणि मानपानाला आपण कर्ज काढतो आणि विश्रांतीला मात्र उधळपट्टी म्हणतो, हा हिशेब एकदा तपासून पाहावा. विशेषतः ज्या बायकांनी आयुष्यभर दुसऱ्यांची घरे आणि स्वतःचे घर असे दोन्ही ओढले, त्यांच्यासाठी. दरमहा ६५० जमत नसतील तर ३५० टाका, दोन वर्षांनी जा. मुक्काम झेपत नसेल तर सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत या. वस्तीतल्या चार कुटुंबांनी मिळून गेलात तर आणखी स्वस्त पडेल. आमच्या अभ्यासवर्गातल्या पालकांची पुढच्या हिवाळ्यासाठी तशी भिशी सुरू झाली आहे. महिना ३०० रुपये, अकरा कुटुंबे. वहीत पहिले नाव आईने स्वतःचे घालायला लावले.