आमच्या घरची लो मेमरी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या घरी बाबांची लगीनसराई सुरू होते. म्हणजे पत्रिकांची. बाहेरच्या खोलीत २०११ साली असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर आहे. पेंटियम ड्युअल कोअर, २ जीबी रॅम, विंडोज सेव्हन. बाबा त्यावर कोरलमध्ये पत्रिकेचा गणपती बसवतात, पेजमेकरमध्ये शाळांच्या चाचणीचे पेपर लावतात, आणि त्याच पैशातून माझं इथलं मेसचं बिल जातं. त्यामुळे त्या डब्याला घरात कोणी डबा म्हणायचं नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हा डबा (इथं म्हणायला हरकत नाही) सारखा एक खिडकी उघडून दाखवायला लागला. मेमरी कमी आहे, फायली सेव्ह करा आणि अमुक अमुक प्रोग्राम बंद करा. बंद करायच्या यादीत पहिलं नाव कोरलचं! म्हणजे दुकानच बंद करा म्हटल्यासारखं. बाबांचा फोन आला तेव्हा मी सबमिशनच्या फायलीवर ग्लास ट्रेसिंग करत होतो. (स्टाफपैकी कोणी वाचत असल्यास हे वाक्य सोडून द्यावे.)

"अरे, ते परत आलंय. मेमरी कमी म्हणतंय."

"मग काहीतरी उडवा ना बाबा. जुनं-पानं असेल ते. मी नंतर करतो फोन."

नंतर मी फोन केला नाही.

मित्रहो, ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर मी मागच्याच वर्षी ६८ मार्कांनी काढला होता. व्हर्च्युअल मेमरी, पेज फॉल्ट, थ्रॅशिंग... ओरलला धडाधड सांगितलं होतं. ती खिडकी रॅमबद्दल बोलते, हार्डडिस्कबद्दल नाही, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. ओट्यावर जागा उरली नाही म्हणून कोणी माळ्यावरची भांडी मोडीत घालत नाही. पण बाबांनी घातली, कारण मीच तसं सांगितलं होतं. रिसायकल बिनमध्ये टाकलेलं पण जागा खातं, असं त्यांना कुठूनतरी कळलं होतं, म्हणून शिफ्ट दाबून डिलीट केलं. डी ड्राइव्हवरचं सगळ्यात मोठं फोल्डर, 'जुने फोटो'. बाबांना वाटलं, दादाने ते सगळे सीडीवर टाकून ठेवलेत.

दादाने टाकले नव्हते. त्यात आजी होती. आजी २०१६ साली गेली.

डिसेंबरात परीक्षा संपवून घरी गेलो तेव्हा आईने चहाबरोबर हे सांगितलं. बाबा मान खाली घालून पत्रिकेचं प्रूफ तपासत होते, एरवी ते प्रूफ कधी दोनदा वाचत नाहीत.

फाइल डिलीट केली की लगेच पुसली जात नाही. तिची जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते, आणि पुढे कोणीतरी तिथे येऊन बसेपर्यंत मजकूर तसाच पडून राहतो. म्हणून डिलीट झालं की त्या ड्राइव्हवर काही म्हणजे काही लिहायचं नाही. इथे तर महिनाभर लगीनसराई चालली होती आणि प्रत्येक पत्रिका डीवरच सेव्ह झालेली! मी हार्डडिस्क काढली, मित्राच्या मशीनला दुसरी डिस्क म्हणून लावली आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. सकाळी बरेच फोटो आले. काही उघडलेच नाहीत. काही अर्धे आले, म्हणजे वरचा भाग नीट आणि खालचा सगळा राखाडी. पापड लाटतानाच्या फोटोत आजीचा चेहरा आला, लाटणं आणि हात गेले. तिथे कोणाची तरी पत्रिका बसली असणार.

मग मूळ दुखण्याकडे वळलो. टास्क मॅनेजर उघडून मेमरीप्रमाणे क्रम लावला. मुदत संपलेला अँटिव्हायरस, विकून टाकलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, आईच्या भजनांसाठी उघडा ठेवलेला ब्राउझर. पण खरा चोर वेगळाच होता. पूर्वी कधीतरी फॉरमॅट मारताना कोणीतरी 'मशीन फास्ट होते' म्हणून पेज फाइल ५१२ एमबीवर बांधून ठेवली होती. विंडोज प्रोग्रामना मेमरी देण्याचं वचन देते ते रॅम अधिक पेज फाइल एवढंच, म्हणजे आमच्याकडे अडीच जीबी. तेवढं भरत आलं की खिडकी उघडणार. डी ड्राइव्ह अख्खा रिकामा केला असता तरी त्यात तसूभर फरक पडला नसता. पेज फाइलचा आकार विंडोजवर सोपवला, स्टार्टअपमधली गर्दी हटवली, मशीन रीस्टार्ट केलं. सगळं मिळून वीस मिनिटं. नोव्हेंबरात फोनवरून अर्ध्या तासात झालं असतं.

पुढे २ जीबीची जुनी रॅम आणून लावली. पहिल्यांदा नुसते बीप आले, स्क्रीन काळी. शेवटी आपलं राष्ट्रीय तंत्र वापरलं. रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, फुंकर मारली आणि परत बसवली. चालू! नेटची वायर मात्र काढून ठेवली. विंडोज सेव्हनचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झाले, आणि पत्रिकेला नेट लागत नाही. आईची भजनं मोबाइलवर गेली.

फोटो दोन पेन ड्राइव्हवर घेतले, एक घरी, एक इथे माझ्या कपाटात. घेताना बाबांना म्हटलं, हे अर्धे राखाडी आलेले काढून टाकतो, उगाच कशाला ठेवायचे.

बाबांनी चष्मा वर केला. "जागा आहे ना आता?"

"आहे की. जागा आधीही होतीच."

"मग राहू दे," ते म्हणाले आणि पुढच्या पत्रिकेचा गणपती बसवायला लागले.