गाडी खाली की रस्ता वर?

परवा शाळेसमोरच्या गतिरोधकावर डॉक्टरांची एमजीबी अडकली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि पोट मधोमध टेकलेलं. चार पोरांनी ढकलून काढली. व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल, त्याखालची "श्रीमंतांचे चोचले" ही कमेंटही. मी समोरच्या टपरीवर होतो. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

मग बातमी होईल म्हणून मागोमाग गॅरेजवर गेलो.

एमजीबी ही दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती. डॉक्टरांची गाडी क्रोमच्या बंपरची, म्हणजे जुन्या घडणीची, तारांच्या चाकांची. गॅरेजवाल्या भाऊंनी खाली वाकून पाहिलं आणि पहिला प्रश्न टायरचा केला. आधीच्या मालकाने दिसायला रुंद म्हणून १८५/६० आर १४ टाकलेले. मूळ गाडीला १६५ रुंदीचे उंच टायर. हिशोब सोपा आहे. १८५ चे ६० टक्के म्हणजे टायरची भिंत १११ मिलिमीटर. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२. नुसत्या टायरमुळे गाडी २१ मिलिमीटर खाली बसली होती! वर साडेचार इंची रिमवर एवढा रुंद टायर नीट बसत नाही, मागे मडगार्डच्या कडेला घासतो आणि स्पीडोमीटर सात टक्के जास्त सांगतो तो वेगळाच.

गंमत म्हणजे १६५/८० आर १४ हा टायर आपल्या स्टँडवरच्या डिझायर टॅक्सीचा. गावातच मिळाला. तारांची चाकं म्हणून आत ट्यूब टाकली, झालं. सायलेन्सरचा पाइप जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर होता, तो बारावर आला.

भाऊ म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मागच्या कमानीत एक पाटा वाढवतो, पुढच्या स्प्रिंगखाली पॅकिंग देतो. दोन इंच उचलून देतो गाडी, कुठं टेकणार नाही."

डॉक्टर म्हणाले, "हे एकदा करून झालंय भाऊ. खुद्द कंपनीने केलंय."

आणि त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत बंपरचे कडक नियम आले. हळू वेगात धडक बसली तर दिवे वगैरे शाबूत राहिले पाहिजेत, आणि बंपरची चाचणी जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात. एमजीबीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. गाडी नव्याने आखायला कंपनीकडे पैसा नव्हता. म्हणून १९७४ मध्ये जाड काळे रबरी बंपर लावले आणि अख्खी गाडीच इंच-दीड इंच उचलली. कागदावर उंची बसली. वळणावर मात्र गाडी कलंडल्यासारखी झुकायला लागली. त्यात पुढच्या वर्षी खर्च वाचवायला पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचं झुकणं आवरणारा दांडा, तोही काढला. शेवटी १९७६ मध्ये पुढे जाड दांडा परत दिला, मागेही एक जोडला. तरी आजही रबरी बंपरवाल्या गाडीचे हौशी मालक पैसे खर्चून ती पुन्हा खाली बसवून घेतात.

"गाडी उचलली की तिचा तोल बदलतो," डॉक्टर म्हणाले. "पत्रकार, तुम्ही टेप घ्या आणि रस्ता मोजा."

मोजला. १९ सेंटिमीटर उंच, एक मीटर रुंद.

इंडियन रोड्स काँग्रेसचा आराखडा म्हणतो: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर. आता बघा. एमजीबीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर साधारण २.३ मीटर. ३.७ मीटरच्या गोलसर गतिरोधकावर अख्खी गाडीच चढून उभी राहते, आणि चाकांच्या मधला फुगवटा जेमतेम चार सेंटिमीटर भरतो. बारा सेंटिमीटरवाली गाडी सहज जाते. आपल्या गतिरोधकावर मात्र दोन्ही चाकं सपाट रस्त्यावर आणि मध्ये १९ सेंटिमीटरची भिंत. नव्या डिझायरचं पोटसुद्धा रस्त्यापासून १६३ मिलिमीटरच, तेही गाडी रिकामी असताना. पाच माणसं आणि लग्नाच्या बॅगा भरल्यावर काय होतं ते टॅक्सीवाल्यांना विचारा. त्यांचा कुणी व्हिडिओ काढत नाही.

आता जे लिहायला मला आठ दिवस लागले ते. हा गतिरोधक माझ्या बातमीमुळे झालाय. तीन वर्षांपूर्वी शाळेतल्या एका मुलीला मोटारसायकलने उडवलं. मी "प्रशासन झोपेत" म्हणून चार दिवस लावून धरलं. पाचव्या रात्री ठेकेदाराने उरलेलं डांबर ओतलं. पट्टे नाहीत, फलक नाही. मी फोटोसह "बातमीचा दणका" छापलं. उंची विचारली नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीतल्या काकू तिथे अंधारात मुलाच्या स्कूटरवरून मागे फेकल्या गेल्या. खुब्याचं हाड मोडलं. अजून वॉकर घेऊन चालतात. ती बातमी मी चार ओळींत दिली, "तोल गेल्याने" असं लिहून. तोल त्यांचा गेला नव्हता.

गतिरोधक काढा असं मी म्हणत नाहीये. पोरं रस्ता ओलांडतात, तो हवाच. पण मापात हवा, पांढरे पट्टे आणि अलीकडे फलक हवा. सोमवारी नगरपरिषदेत अर्ज दिला, मोजमापाचे फोटो जोडून. तिथल्या साहेबांनी विचारलं, "त्या डॉक्टरांच्या गाडीसाठी का?" मी काकूंच्या एक्स-रेची प्रत पुढे ठेवली. पोच मिळाली आहे.

गावात असे अजून किती आहेत ते रविवारी सकाळी सातपासून मोजणार आहोत. डॉक्टर येतायत, भाऊ येतायत. ज्यांना जमेल त्यांनी शाळेसमोर या, येताना टेप आणा.